इंग्रजी ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’
परभाषेतील अपरिचित ध्वनी श्रोत्यास मातृभाषेच्या चाळणीतून गाळूनच ऐकू येतात, असे त्रुबेत्स्कॉय याने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रतिपादिले आहे. द्राक्षवेलवाचक ‘व्हाइन’ व मद्यवाचक ‘वाइन’ या इंग्रजी शब्दांतील भेद मराठी लेखनात ‘व्ह’ व ‘व’ यांनी दर्शविला जातो. तथापि ‘जिव्हाळा’ या शब्दातील ‘व्ह’ महाप्राण आहे, तर इंग्रजी ध्वनी घर्षक. त्यामुळे मराठी भाषकाच्या मुखी घर्षणाऐवजी हकार येतो. घर्षण साधण्यासाठी वरचे दात खालच्या ओठास हलके लावून सघोष श्वास घासत सोडावा. ‘वाइन’च्या आरंभी ओठ गोल करावेत, दात ओठास लागू नयेत. विद्यार्थ्याने लिखित रूप बाजूस ठेवून प्रथम हा भेद कानाने ओळखावा व मगच उच्चाराचा सराव करावा.