गरम करताना घाई नको

मे महिन्यात सोयगावच्या उन्हातून घरी आलं की आई लगेच माठातलं पाणी देत नसे. आधी ओसरीवर टेकायचं, गुळाचा खडा खायचा, मग पाणी. आज मी पर्फ्युजनिस्ट आहे. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीन, म्हणजे आमच्या बोलीत 'पंप', चालवतो. आईचा तो नियम तिथेही सुटलेला नाही.

त्या दिवशीचा पेशंट गावाकडचाच. महाधमनीचा आतला पदर फाटत कमानीपर्यंत गेलेला. मेंदूच्या वाहिन्या याच कमानीतून फुटतात, त्यामुळे ती बदलताना अंगाचा रक्तपुरवठा थांबवावा लागतो. 37 अंशांवर मेंदू तो उपास जेमतेम चार-पाच मिनिटं सोसतो. पण तापमान एका अंशाने उतरलं की त्याची भूक सुमारे 6-7 टक्क्यांनी घटते. याच आधारावर 1952 मध्ये मिनियापोलिसला डॉ. लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवलं. त्या ऑपरेशनमध्ये पंपही वापरला नव्हता.

"कूलिंग सुरू." हीट एक्स्चेंजरमध्ये गार पाणी फिरू लागलं. पाणी रक्ताला शिवत नाही. मधल्या पातळ भिंतीतून फक्त उष्णता निघून जाते. डोक्याभोवती बर्फ ठेवला. नाकातला प्रोब मेंदूजवळचं तापमान सांगतो, मूत्राशयातला धडाचं. नाकाचा आकडा भराभर उतरतो, मूत्राशयाचा मागे रेंगाळतो. दोन्ही जुळेपर्यंत थांबायचं.

24 अंशांवर अंगाचं रक्त थांबवलं. उजव्या काखेतल्या धमनीतून फक्त मेंदूला, किलोमागे मिनिटाला 10 मिलिलिटर. सिस्टर दर पाच मिनिटांनी वेळ पुकारत होत्या.

कमान शिवून झाली आणि माझी खरी कसोटी लागली. गार रक्तात वायू जास्त विरघळतात; ते झटकन तापवलं तर सोड्यासारखे बुडबुडे सुटतात. म्हणून पंपातून जाणारं आणि परत येणारं रक्त यांत 10 अंशांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, आणि जाणारं 37 च्या वर न्यायचं नाही, कारण तापलेला मेंदू लवकर इजा धरतो. नुसतं नाक 36 दाखवतंय म्हणून पंप सोडला, तर गार हातपाय पुन्हा अंग थंड करतात.

बाहेर मुलगा ताटकळला होता. "दादा, शिवून झालं म्हणाले, मग दीड तास कशात गेला?"

"गरम करण्यात," मी म्हणालो.

तुमचं माणूस आत असेल आणि असाच उशीर होत असेल, तर एवढं ध्यानात ठेवा: तो वेळ वाया जात नसतो, मेंदूसाठी राखलेला असतो.