स्पीकरमधली गुणगुण येते कुठून?

बालमित्रांनो, तुमच्या घरी गाणी ऐकायला काय आहे? कुणाकडे मोठी म्युझिक सिस्टिम असेल, कुणाकडे टीव्हीला जोडलेलं होम थिएटर, तर कुणाकडे आजोबांच्या काळातला ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर. एक गंमत करून बघा. सिस्टिम चालू करा, पण गाणं लावू नका. आता स्पीकरपासून वीतभर अंतरावर कान न्या. ‘हूंऽऽऽ’ अशी बारीक गुणगुण ऐकू येते का?

आली ना? ही म्हणजे चक्क आपल्या घरातली वीज बोलते आहे, बरं का!

आपल्या भिंतीवरच्या प्लगपॉइंटमध्ये २३० व्होल्टची वीज असते. ती एकाच दिशेने वाहत नाही. झोपाळ्यासारखी पुढे-मागे हेलकावे घेते, तेही सेकंदाला ५० वेळा! म्हणून ती ५० हर्ट्झची वीज. आणि माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. म्हणजे ५० हर्ट्झचा हेलकावा आवाजाच्या तारेत शिरला, की तो खर्जातला सूर होऊन स्पीकरमधून बाहेर पडणारच.

पण ॲम्प्लिफायर बनवणारे इंजिनिअर काही भोळे नसतात. ॲम्प्लिफायरच्या पोटात आधी ट्रान्सफॉर्मर असतो. तो २३० व्होल्टचे कमी व्होल्ट करतो. मग रेक्टिफायर त्या विजेला एकाच दिशेने वाहायला लावतो. तरी ती धक्क्याधक्क्याने येतेच, सेकंदाला १०० धक्के. ते शांत करतो कपॅसिटर. नळाला पाणी थांबून थांबून आलं, तरी गच्चीवरच्या टाकीतून एकसारखी धार येते की नाही? कपॅसिटर म्हणजे विजेची अशी छोटी टाकीच. जुन्या ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर निकामी झाले, की गुणगुण वाढते ती यामुळेच.

आता खरा प्रश्न. काही दुकानांत भिंतीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी, हजारो रुपयांची जाडजूड वायर मिळते. ‘ही लावा, गाणं एकदम मोकळं होईल,’ असं सांगतात. प्लगपॉइंटसुद्धा सोन्याचा मुलामा दिलेले! हा शौक कुठवर जातो बघा. जपानमध्ये काही शौकिनांनी चांगल्या आवाजासाठी घराबाहेर स्वतःचा वेगळा विजेचा खांब बसवून घेतला, अशी बातमी २०१६ साली आली होती.

आपण जरा गणित करू या. वायर समजा दीड मीटर लांब आहे. वीज एका तारेतून जाते आणि दुसरीतून परत येते, म्हणजे एकूण ३ मीटर तांबं. साध्या, १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा विरोध इतक्या लांबीला सुमारे ०.०५ ओहम होतो. ॲम्प्लिफायर २०० वॅट वीज घेत असेल, तर तारेतून १ अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह वाहतो. म्हणजे वायरमध्ये वाया गेले जेमतेम ०.०५ व्होल्ट! २३० व्होल्टपुढे हे म्हणजे हत्तीपुढे मुंगी. संध्याकाळी गल्लीत सगळ्यांचे दिवे आणि पंखे लागले, की व्होल्टेज याच्या कितीतरी पट कमी-जास्त होतं.

शिवाय ती वीज आली कुठून? चंद्रपूरसारख्या केंद्रात ती तयार होते, शेकडो किलोमीटर तारांतून येते, गल्लीतल्या डीपीत उतरते, भिंतीतल्या साध्या वायरमधून आपल्या प्लगपर्यंत पोचते. एवढ्या प्रवासानंतर शेवटच्या दीड मीटरने असा काय चमत्कार करावा?

‘पण बाई, आमच्या काकांना फरक खरंच ऐकू येतो!’ असं आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली. काका खोटं बोलत नाहीत हं! महाग वस्तू आणली की ती चांगली वाटते, तसंच आपलं मन कानालाही फसवतं. म्हणून काकांना डोळ्यांआड परीक्षा द्यायला सांगा. ॲम्प्लिफायर पडद्यामागे ठेवा. घरातल्या मोठ्या माणसाने प्रत्येक वेळी नाणं उडवावं. छापा आला तर महाग वायर, काटा आला तर साधी. वायर बदलण्याआधी स्विच बंद करायचा आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. गाणं तेच, आवाजही तेवढाच. काकांनी फक्त वायर ओळखायची, असं १० वेळा. नुसत्या अंदाजाने सरासरी ५ उत्तरं बरोबर येतातच. दहाच्या दहा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता मात्र १०२४ मध्ये एकदाच. काकांना दहाही बरोबर आली, तर त्यांना शाबासकी द्या आणि शोधा, की फरक कशामुळे पडला. पाच-सहाच आली, तर पुढच्या वेळी त्या पैशांत गाण्यांच्या भरपूर सीडी येतील!

मग प्लगचा आवाजाशी काहीच संबंध नाही? आहे की! पण तो वायरच्या किमतीत नाही, जोडणीत आहे.

पहिली गोष्ट, सैल सॉकेट. प्लग हलला की स्पीकरमधून ‘खर्र खर्र’ येतं. आत ठिणग्या उडतात, प्लग गरम होतो. सॉकेटवर काळा डाग दिसला, तर वापर बंद करून लगेच वायरमनला बोलवायला सांगा. हा नुसता आवाजाचा नाही, आगीचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, शेजार. विजेच्या वायरभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं आणि त्यामुळे जवळच्या तारेत वीज उत्पन्न होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. म्हणून आवाजाची वायर आणि विजेची वायर एकत्र गुंडाळून ठेवू नका. त्यांना एकमेकींना ओलांडावंच लागलं, तर काटकोनात ओलांडू द्या.

तिसरी गोष्ट, अर्थिंगचा फेरा. टीव्ही एका खोलीतल्या पॉइंटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या, आणि दोघांना जोडणारी आवाजाची वायर. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला, तरी आवाजाच्या वायरमधून नको तो प्रवाह फिरतो आणि गुणगुण सुरू होते. केबल टीव्हीच्या वायरमुळेही असं होतं. उपाय सोपा आणि स्वस्त. सगळी उपकरणं एकाच चांगल्या बोर्डवर जोडायची.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, आईबाबांनाही वाचून दाखवा. गुणगुण घालवायला काही जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. गुणगुण जाते खरी, पण त्याबरोबर आपलं संरक्षणही जातं! ती अर्थिंगची पिन मुद्दाम लांब केलेली असते. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीत चुकून वीज उतरली, तर ती जमिनीकडे जाते आणि फ्यूज उडतो. ती पिन नसेल, तर पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातूनच वीज जाईल. गाण्यातली गुणगुण परवडली, पण ती पिन काढणं कधीही परवडायचं नाही.

तर मित्रांनो, आज घरी गेल्यावर आईबाबांना सोबत घ्या आणि सगळे प्लग नुसते डोळ्यांनी तपासा. सैल किती, काळवंडलेले किती, तिसरी पिन नसलेले किती? वहीत यादी करा आणि बाबांच्या हातात द्या. ती यादी कुठल्याही महागड्या वायरपेक्षा मोलाची ठरेल. कराल ना मग?