चौदा लाख किलोमीटर, अडीच मिनिटांत

सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर. 109 पृथ्व्या ओळीनं मांडाव्यात तेवढा. सुरतेपासून वीसेक किलोमीटरवर, डुमसच्या काळ्या वाळूवर उभं राहिलं की हा अख्खा गोळा सव्वादोन ते अडीच मिनिटांत बुडतो. रविवारी तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात याहून जास्त वेळ जातो.

बिंब पाण्याला टेकलेलं दिसतं तेव्हा खरा सूर्य तिथे नसतोच. क्षितिजाजवळची हवा प्रकाशाला अर्ध्या अंशाहून किंचित जास्त वाकवते आणि बिंबाची रुंदीही साधारण अर्धा अंशच. म्हणजे खरा सूर्य तोवर पुरता खाली गेलेला असतो. (प्रकाशाला इथवर यायला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात, म्हणून सूर्य आठ मिनिटं आधीच मावळला, असं मात्र कुणाला सांगू नका. मावळणं हा पृथ्वीच्या फिरण्याचा खेळ आहे.)

त्या फिरण्याचा वेग इथे ताशी साडेपंधराशे किलोमीटर. सुरतेच्या लिंबायत-उधन्यातल्या खानदेशी मंडळींनी गावी फोन लावून पडताळून पाहावं. भुसावळ आणि डुमस, दोन्ही तापीच्या वाटेवरची आणि जवळजवळ एकाच अक्षांशावरची. भुसावळला सूर्य बुडाला की डुमसला तो अजून बारा मिनिटं शिल्लक असतो. सावली बारा मिनिटांत कापते ते तीनशे किलोमीटर कापायला आगगाडीला कित्येक तास लागतात.

वेळेचा घोळ इथूनच सुरू होतो. भारताचं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेलं, सुरत 72.8 वर. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी 39 मिनिटं मागे चालतो. जुलैच्या सुरुवातीला तो 7.25 च्या सुमारास मावळतो, पण ती पावसाळी ढगांची वेळ. सर्वांत लवकर मावळतो तो 5.56 ला, आणि तेही वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, 21-22 डिसेंबरला नव्हे, तर नोव्हेंबरच्या अखेरीस. घरात मुंबईच्या वेळा छापलेली दिनदर्शिका असली तरी चालेल. दोन्ही शहरं जवळपास एकाच रेखांशावर आहेत, फरक फार तर चार मिनिटांचा.

जागाही सरकते. जूनमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेच्या 25 अंश उत्तरेला, हजिऱ्याच्या बाजूला झुकतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ म्हणजे सुमारे 10 अंश. वर्षभराची ही येरझार पाच मुठींची.

एवढं गणित जमवूनही भरती-ओहोटी पाहिली नाही तर सगळं फुकट. खंभातच्या आखातात समोरच्या भावनगरला मोठ्या उधाणात पाणी 10 मीटरहून जास्त चढतं-उतरतं. डुमसला ओहोटीत समुद्र दूर जातो आणि पुढ्यात उरतो चिखल. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, म्हणून आज सूर्यास्ताला भरती असेल तर पंधरवड्यानं साधारण पुन्हा असेल. तो दिवस धरा, अर्धा तास आधी पोहोचा आणि गाडी वाळूत उतरवू नका.