विमान कोठून उतरूं लागतें?

गेल्या सुटींत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी नागपुराहून मुंबईस विमानानें गेला होता. परत आल्यावर त्यानें आम्हांस विचारिलें, “सर, मुंबई यावयास अर्धा तास अवकाश असतांनाच इंजिनांचा आवाज मंदावला आणि कानांत दडे बसूं लागले. वैमानिकास खालीं येण्याची एवढी घाई कां?”

प्रश्न मार्मिक आहे. घर दृष्टीस पडतांच टांगेवाला लगाम खेंचतो, तसाच वैमानिकही विमानतळ दिसला म्हणजे विमान खालीं आणीत असेल, असा सामान्य समज असतो. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. वैमानिकासही धांवपट्टी दिसण्याच्या पुष्कळ आधीं असाच हिशेब करावा लागतो.

हा हिशेब शाळेंतील भूमितीच्या पलीकडचा नाहीं. धांवपट्टीकडे नेणारी शेवटची उतरण बहुतेक विमानतळांवर ३ अंशांची असते. अशा उतारावर एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, पुढें जातांना विमान सुमारें ३१८ फूट खालीं येतें. यावरून वैमानिकांनीं एक तोंडी रीत बसविली आहे: जितके हजार फूट उतरावयाचें, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधीं उतरूं लागावें. विमान ३६,००० फुटांवर असेल तर १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किलोमीटर. मुंबईपासून सरळ रेषेंत मोजलें तर अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, जवळजवळ तितकेंच दूर आहे. तेव्हां पूर्वेकडून येणारा प्रवासी मुंबईस उतरूं लागतो तो नगर जिल्ह्याच्या आसपासच्या आकाशांत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

किती वेगानें खालीं यावें याचीही अशीच सोपी रीत आहे. जमिनीच्या मानानें विमानाचा वेग ताशीं जितके सागरी मैल असेल, त्याची पांचपट केली म्हणजे दर मिनिटास किती फूट उतरावें तें निघतें. ४४० चा वेग असतां २,२०० फूट. धांवपट्टीजवळ वेग १४० वर आला म्हणजे अवघे ७०० फूट. पाठीमागून वारा असेल तर तो विमानास पुढें लोटतो, म्हणून उतरण आणखी आधीं सुरू करावी लागते. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० फूट उंच आहे. तेथें तितकी उंची हिशेबांतून वजा होते.

उशीर झाला तर विमानाचें तोंड अधिक खालीं करून उंची कां उतरवूं नये, असें कोणी म्हणेल. उतारावरून सायकल सोडून पाहिलेल्या मुलास उत्तर आपोआप सुचेल. उतार जितका तीव्र, तितका वेग वाढणार. आणि उतरतांना वेग तर कमी करावयाचा असतो. पंखांच्या पाठीवर फळ्या उभ्या करून वाऱ्याचा अडथळा वाढवितां येतो खरा, परंतु त्यालाही मर्यादा आहे. उलटपक्षीं फार आधीं खालीं आलें तर दाट हवेंतून लांब जावें लागून इंधन व्यर्थ जळतें. योग्य जागीं उतरूं लागलेल्या विमानाचीं इंजिनें बराच वेळ जवळजवळ रिकामीं फिरत असतात. आमच्या विद्यार्थ्यास मंदावलेला वाटला तो आवाज हाच. आणि खालीं येतांना विमानांतील हवेचा दाब वाढत जातो, त्यामुळें कानांत दडे बसतात.

परंतु फार आधीं उतरण्यांत केवळ इंधनाचाच नाश नाहीं. १९६२ सालच्या जुलै महिन्यांत, ७ तारखेस मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळानें, आलिटालिया कंपनीचें एक जेट विमान बँकॉकहून मुंबईस येत होतें. बाहेर काळोख होता. आपण मुंबईच्या अगदीं जवळ आलों आहों, अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्यानें विमान खालीं आणिलें. वास्तविक मुंबई अजून सुमारें ८४ किलोमीटर दूर होती आणि खालीं जुन्नरकडील डोंगर होते. सुमारें ३,६०० फूट उंचीवर विमान डोंगरास धडकलें. आंतील ९४ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. ८४ किलोमीटर म्हणजे ४५ सागरी मैल. आमच्या तिपटीच्या रीतीनें तेथें विमान १५,००० फुटांवर असावयास पाहिजे होतें. रीत खोटी नव्हती. ती लावावयाची जागा चुकली होती. भूमितींत आम्ही मुलांस प्रथम बिंदु निश्चित करावयास सांगतों, तें उगीच नव्हे.

पुढें विमानांत जमीन जवळ येतांच मोठ्यानें इशारा देणारें यंत्र आलें, आणि उपग्रहांवरून आपली जागा अचूक कळूं लागली. तरीही सह्याद्रि आहे तेथेंच आहे. कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट, उंच आहे. त्यामुळें घाट ओलांडून होईपर्यंत ठराविक उंचीच्या खालीं येण्याची वैमानिकास मोकळीक नसते.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही एक काम सांगून ठेविलें आहे. पुढील खेपेस खिडकीजवळ बसावें, आवाज मंदावतांच घड्याळ पाहावें, आणि चाकें जमिनीस टेंकेपर्यंत किती मिनिटें लागलीं तें वहींत टिपून आणावें.