दंतवैद्यकीय शिक्षण आणि बाळंतपण: गैरसमज व वस्तुस्थिती

बी.डी.एस. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे: चार शैक्षणिक वर्षे आणि एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. एम.डी.एस.ची त्यापुढे आणखी तीन वर्षे. बारावीनंतर या वाटेला लागलेली मुलगी शिकून बाहेर पडेपर्यंत सव्विशी-सत्ताविशीची होते. सोलापुरातल्या बहुतेक घरांत याच काळात स्थळे बघणे, लग्न आणि त्यामागोमाग ‘गोड बातमी’ची चौकशी सुरू होते. केगावच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय दंत महाविद्यालयातली विद्यार्थिनी असो की पुण्या-मुंबईतली, शिक्षणाची आणि बाळंतपणाची वर्षे एकमेकांवर येतात. या स्थितीबद्दलच्या समजुती मात्र उलट्या पडलेल्या दिसतात. एक्स-रेची धास्ती घरोघरी असते, हजेरीचा हिशेब कुणी मांडत नाही.

‘कायद्याने सहा महिन्यांची रजा मिळतेच’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पण ही रजा नोकरी करणाऱ्या स्त्रीची आहे, तीही आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असेल तर. विद्यार्थिनी फी भरते, पगार घेत नाही. त्यामुळे ती या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. सोलापुरात ही विसंगती विशेष जाणवते. शहराच्या पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याच्या कलम ३७ ने मातृत्व लाभाचा हक्क, निदान कागदावर, दिला. तिची मुलगी दंतवैद्यकाला गेली तर शिकत असेपर्यंत तिला तेवढाही नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राने सर्व विद्यापीठांना पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी मातृत्व रजेचे, तसेच हजेरी आणि परीक्षा अर्जाच्या मुदतीत सवलत देण्याचे नियम करायला सांगितले. हे पत्र नियम करायला सांगते, स्वतः रजा देत नाही. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मेरठच्या विद्यापीठातील एका एम.एड. विद्यार्थिनीची रजा नाकारण्याचा निर्णय रद्द केला आणि तिच्या ५९ दिवसांच्या रजेचा फेरविचार करायला लावला. निकाल दिलासा देणारा आहे. पण त्याच्या भरवशावर वर्षाचे नियोजन करणे धाडसाचे. दंत महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात, शेजारच्या सोलापूर विद्यापीठाशी नव्हे. अर्ज-विनंत्या तिकडेच, आणि त्याही प्राचार्यांमार्फत लेखी कराव्या लागतात.

खरा हिशेब दिवसांचा आहे. डेंटल कौन्सिलच्या २००७ च्या नियमांनुसार एका शैक्षणिक वर्षात शिकवणीचे २४० दिवस धरलेले आहेत आणि परीक्षेला बसण्यासाठी थिअरी व प्रात्यक्षिक दोन्हींत ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे वर्षभरात हाताशी उरतात ६० दिवस. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २६ आठवड्यांच्या रजेत १५६ दिवस जातील आणि हजेरी ३५ टक्क्यांवर येईल. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीतही या हिशेबात बसत नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून मुलगी माहेरी गेली, तर प्रसूतीच्या आधीच ते साठ दिवस जवळपास संपतात. याउलट शेवटच्या आठवड्यापर्यंत कॉलेजला जाऊन फक्त ओल्या बाळंतिणीचा सव्वा महिना घरी काढला, तर शिकवणीचे तीस-पस्तीस दिवस बुडतात आणि आजारपणासाठी थोडी शिल्लक राहते. प्रकृती साथ देईल हे गृहीत धरूनच हा हिशेब जमतो, आणि ती प्रत्येकीची देतेच असे नाही. अंतिम वर्षात आणखी एक पेच असतो. हजेरी भरली तरी क्लिनिकचा ‘कोटा’, म्हणजे ठरलेल्या संख्येची स्केलिंग, फिलिंग, दात काढणे आणि कवळ्या, पूर्ण व्हावाच लागतो.

‘वर्ष गेले म्हणजे शिक्षण गेले’ ही भीती मात्र अनाठायी आहे. विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन सत्रांत होतात. एक सत्र हुकले तर विद्यार्थिनी सहा महिने मागे, ‘ऑड बॅच’मध्ये जाते. नियमाची खरी मर्यादा पुढे आहे: पहिल्या वर्षाचे सर्व विषय प्रवेशापासून तीन वर्षांत आणि इंटर्नशिपसह संपूर्ण बी.डी.एस. नऊ वर्षांत पूर्ण झाले पाहिजे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला नऊ वर्षांची मुदत म्हणजे पुरेशी सैल आहे. निवड हाती असेल तर इंटर्नशिपचे वर्ष त्यातल्या त्यात सोयीचे. त्यात विद्यापीठाची परीक्षा नसते, आणि बुडालेले दिवस पुढे भरून काढता येतात.

आता एक्स-रे. दाताचा फोटो काढताना किरणांचा झोत बारीक असतो आणि तो रुग्णाच्या जबड्याकडे रोखलेला असतो. काढणारी व्यक्ती नळीपासून दोन मीटर लांब, झोताच्या दिशेशी ९० ते १३५ अंशांच्या कोनात किंवा आडोशामागे उभी राहिली, तर तिच्यापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा अशी, की गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये. जमीन, हवा आणि आकाशातून माणसाला निसर्गतःच वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. धोका यंत्राचा कमी आणि सवयींचा जास्त असतो. गर्दीच्या ओ.पी.डी.त रुग्णाला फिल्म नीट धरता आली नाही की विद्यार्थी आपलेच बोट घालून ती धरतात. हे कुणीच करू नये. गरोदर विद्यार्थिनीने तर नाहीच. त्यासाठी फिल्म होल्डर असतो.

पाऱ्याबद्दल घरी फारसे कुणी बोलत नाही, पण इथे काळजी वाजवी आहे. चांदी भरणे म्हणतात त्या अमाल्गममध्ये निम्म्याच्या आसपास पारा असतो. भरलेल्या दातातून सुटणारी वाफ अत्यल्प असते. जास्त वाफ सुटते ती मिश्रण खलात घोटताना आणि जुने फिलिंग कोरून काढताना. मिनामाता कराराच्या देशांनी २०२२ मध्ये गरोदर व स्तनदा स्त्रिया आणि पंधरा वर्षांखालील मुले यांच्या दातांत, दंतवैद्याला अत्यावश्यक वाटल्याशिवाय, अमाल्गम वापरू नये असे ठरवले. नियम रुग्णांसाठी असला तरी गरोदर विद्यार्थिनीने बंद कॅप्सूल वापरणे आणि जुनी फिलिंग काढताना पाण्याचा फवारा, जोरदार सक्शन व रबर डॅम यांचा आग्रह धरणे योग्य. सांडलेला पारा केरसुणीने लोटला की त्याचे बारीक थेंब होऊन वाफ वाढते. तो ताठ कागदाने गोळा करून पाण्याखाली, झाकणबंद बाटलीत ठेवतात. गुंगी देणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूचेही असेच. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या दंतसहायिकांच्या पाहणीत, वायू शोषून घेणारी यंत्रणा नसलेल्या दवाखान्यांत आठवड्याला पाच तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना गर्भधारणेस अधिक वेळ लागत असल्याचे आढळले. यंत्रणा असलेल्या ठिकाणी तो फरक नव्हता.

या सगळ्या खबरदारीत एक रूढी आडवी येते: ‘तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये.’ नातेवाइकांपुरती ती ठीक आहे. पण गर्भाचे अवयव घडतात ते तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे नेमके विद्यार्थिनी गुपित ठेवते त्याच काळात. विभागप्रमुखांना वेळेवर कळले तर पोस्टिंगची अदलाबदल होऊ शकते. चौथ्या महिन्यात कळले, तर त्याचा निम्मा उपयोग गेलेला असतो.

लशींच्या बाबतीत ‘गरोदरपणात कुठलीच लस नको’ हेही चूक. हिपॅटायटिस बी ची लस या काळात घेता येते, आणि रक्ताशी रोज संबंध येणाऱ्या विद्यार्थिनीने ती टाळू नये. रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी मात्र जिवंत विषाणूंच्या असल्याने गरोदरपणात देत नाहीत. त्या गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी घ्याव्यात. शरीराचा त्रास तिसऱ्या तिमाहीत वाढतो. मनगटाला सूज येऊन अंगठा व बोटांना मुंग्या येतात, आणि हाताने स्केलिंग करणे अवघड होते. अशा वेळी अल्ट्रासॉनिक स्केलर आणि लहान अपॉइंटमेंट यांनी काम हलके होते.

दंतवैद्यक शिकणाऱ्या मुलीलाही घरी ‘एका मुलामागे एक दात जातोच’ असे ऐकवले जाते. बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेत नाही. संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, आणि उलट्यांच्या आम्लाने दातांचे आवरण झिजते. उलटीनंतर लगेच ब्रश न करता खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चूळ भरावी. दुखणाऱ्या दातावर लिग्नोकेन देऊन उपचार करता येतात, दुसरी तिमाही त्यासाठी सर्वांत सोयीची. टाळायची ती टेट्रासायक्लिन, आणि विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेन.

बाळ झाल्यावर ‘कॉलेज की अंगावरचे दूध, एकच जमेल’ असे सांगितले जाते. काढून ठेवलेले दूध २५ अंश तापमानात चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकते. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या मे महिन्यात पहिला आकडा धरून चालू नये. बर्फाच्या पिशव्यांसह बंद डबा लागतो, त्यात दूध दिवसभर राहते. घरात सासू किंवा आई असली तर दुपार निभते, पण काढलेले दूध गॅसवर उकळायचे नसते, ते कोमट पाण्यात वाटी ठेवून पाजायचे, हे तिला आधी दाखवून ठेवावे लागते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावे, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आली. एखाद्या महाविद्यालयाने ते उघडले, तर त्याच छताखाली शिकणाऱ्या विद्यार्थिनीच्या बाळाला आत घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. फक्त तशी सक्तीही नाही.