घास आणि गळ

बहामा बेटांच्या उत्तर भागात ‘टायगर बीच’ नावाची जागा आहे. नावात बीच असला तरी तिथे किनारा नाही. आहे तो चहूकडे समुद्र, सहा-सात मीटर खाली पांढरी वाळू आणि तळ दिसावा इतकं नितळ पाणी. त्या वाळूवर डायव्हर हात छातीशी धरून गुडघ्यांवर बसतात. समोर भोकांची प्लास्टिकची पेटी, आत माशांची डोकी आणि तुकडे. पेटीजवळच्या माणसाच्या हातांवर स्टीलच्या बारीक कड्या विणून केलेलं चिलखत असतं. वास पाण्यात पसरतो आणि थोड्याच वेळात निळ्या धूसरातून पट्टेदार अंगाची टायगर शार्क मादी येते, अंगाने मोटारीएवढी लांब. ती थेट पेटीला नाक लावते. तो माणूस तिच्या नाकाडावर तळवा टेकवतो, तिला हलकेच बाजूला वळवतो आणि मग घास देतो.

हेच दृश्य फ्लोरिडाच्या पाण्यात घडलं, तर तो गुन्हा ठरतो. बहामाचं बिमिनी बेट मायामीपासून जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. समुद्र एकच आणि त्यातून फिरणारे शार्कही तेच. तरीही फ्लोरिडाने १ जानेवारी २००२ पासून डायव्हरांनी माशांना खाऊ घालण्यावर बंदी आणली. राज्याची हद्द अटलांटिकच्या बाजूला तीन सागरी मैलांवर संपते, म्हणून तिथल्या शार्क दाखवणाऱ्या बोटी त्या रेषेपलीकडे जाऊ लागल्या.

बंदी मागणाऱ्यांचं म्हणणं आपल्याला सहज पटतं, कारण आपण माथेरानची माकडं पाहिली आहेत. आधी कौतुकाने शेंगदाणे दिले, मग माकडं हातातली पिशवी ओढू लागली. शार्कनेही माणूस दिसला की खाणं मिळतं असा हिशेब बांधला, तर ज्याच्याकडे पेटी नाही त्याचं काय? पाण्याखाली भाल्याने मासेमारी करणाऱ्यांचीही तक्रार होती की शार्क माणसाला बिचकेनासे झालेत. ही भीती पोकळ नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये बहामाच्या पाण्यात, आमिष टाकून आणि पिंजऱ्याविना शार्क दाखवणाऱ्या सफरीत एका डायव्हरचा चाव्याने जीव गेला. डिसेंबर २०१० मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेखला काही दिवसांत अनेकांवर हल्ले झाले आणि एक पर्यटक दगावली. तिथे गेलेल्या तज्ज्ञांनी कारणांमध्ये पर्यटकांनी माशांना खाऊ घालणं धरलं. बोटींवरून समुद्रात टाकलेल्या मेलेल्या मेंढ्या आणि बेसुमार मासेमारी हीही कारणं त्यांनी सांगितली.

मग घास मिळाल्याने शार्कची सवय खरंच बिघडते का? मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्लोरिडातल्या आणि टायगर बीचवरच्या टायगर शार्कना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले. २०१२ साली निष्कर्ष आले. घास मिळणारे शार्क पेटीभोवती घुटमळत राहतील, हा अंदाज चुकला होता. बहामाचे शार्क फ्लोरिडाच्या शार्कपेक्षाही मोठ्या टापूत फिरत होते, काही तर खुल्या अटलांटिकमध्ये हजारो किलोमीटर गेले. पुढे तिथल्या माद्यांची सोनोग्राफी झाली आणि अनेक माद्या गाभण निघाल्या. म्हणजे टायगर बीचला त्यांना खेचणारी गोष्ट केवळ पेटी नव्हती.

एवढ्यावर मोकळीक देता येत नाही. ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्रात ऑस्प्रे रीफवर व्हाइटटिप रीफ शार्क राहतात. रात्री शिकार करायची आणि दिवसा विश्रांती घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. खाऊ घालण्याच्या दिवशी ते विश्रांतीच्या वेळी धावपळ करत होते आणि त्यांची जास्त शक्ती खर्ची पडत होती, हे २०१६ च्या अभ्यासात दिसलं. हजारो किलोमीटर हिंडणाऱ्या शार्कला जो घास म्हणजे वाटेतला नाश्ता, तोच एका खडकाशी बांधलेल्या लहान शार्कची दिनचर्या मोडतो. म्हणून एका जागचा निष्कर्ष उचलून दुसरीकडे लावता येत नाही.

माझं मत मात्र दुसऱ्याच गोष्टीने बनलं. फ्लोरिडाने २००२ साली शार्कला मासा भरवणं बंद केलं, तेव्हा हौशी मासेमाराला दिवसाला एक शार्क गळाला लावून घरी न्यायची मुभा होती. घासाला बंदी आणि गळाला परवानगी! टायगर शार्क आणि हॅमरहेड मारण्यावर फ्लोरिडात बंदी यायला २०१२ साल उजाडलं. बहामाने याच्या उलट केलं. घास चालू ठेवला आणि गळ काढून घेतला. हजारो गळांच्या लांब दोऱ्यांनी होणारी मासेमारी १९९३ मध्ये थांबवली आणि २०११ मध्ये सुमारे सव्वासहा लाख चौरस किलोमीटर पाण्यात शार्क पकडण्यावर बंदी घातली. पुढे तिथे शार्क पर्यटनाचा हिशेब झाला, तेव्हा देशाला त्यातून वर्षाला ११ कोटी डॉलरहून जास्त मिळतात असं दिसलं. जिवंत शार्कवर हॉटेलं, बोटी आणि घरं चालतात, हे बेटांवरच्या लोकांना शार्कविषयीच्या प्रेमापेक्षा लवकर समजतं. फिजीमधल्या शार्क रीफवर तर प्रत्येक डायव्हर पाणी वापरल्याबद्दल कर भरतो आणि तो तिथली मासेमारी सोडून देणाऱ्या गावांना मिळतो.

जगात दरवर्षी सुमारे दहा कोटी शार्क मारले जातात, असा अंदाज संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. विनाचिथावणी शार्क चावल्याच्या घटना जगभर वर्षाला साठ-सत्तर होतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणाला कोणापासून वाचवायचं ते कळतं. घास देणं मला नैसर्गिक वाटत नाही. पण जिथे मासेमारी बंद आहे, घास मोजून दिला जातो, अभ्यास चालू आहे आणि पैसा किनाऱ्यावरच्या लोकांकडे जातो, तिथे मी तो मान्य करते. जिथे यातलं काहीच नाही, तिथे तो निव्वळ तमाशा आहे आणि तो बंद व्हायला हवा.

मालवणला मी पहिल्यांदा पाण्याखाली उतरले, तेव्हा सोबतच्या मुलाने भिजवलेल्या पावाची बाटली काढली. बाटली दाबायच्या आतच काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका माझ्या बोटांना टोचू लागला. फोटो छान आला. संध्याकाळी मासळीबाजारात गेले, तर पाटीत हातभर लांबीच्या मोऱ्या मांडलेल्या होत्या. मोरी म्हणजे आपल्याकडचा शार्कच, आणि ही तर पिल्लं होती. सकाळच्या सफरीसाठी मी दिलेल्या पैशातला एक रुपयाही त्यांच्यासाठी नव्हता.

पुढच्या खेपेला मी त्या मुलाला आधीच म्हटलं, “बाटली नको रे.” तो म्हणाला, “ताई, मग मासे नाय येणार.” मासे कमीच आले. एक जण मात्र खडकावरचं शेवाळ खरवडत आपल्या कामात होता. मी जवळ गेले, तरी त्याने वळून पाहिलं नाही.