पोटातल्या अक्षरांवरून शब्द शोधताना

समजा, कोणी तुम्हांला विचारले : ए, ई, आय, ओ आणि यू ही पाचही स्वराक्षरे ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द सांगा, शब्द जितका लांब, तितके गुण जास्त. तुम्ही काय कराल? बहुतेक जण शब्दकोश उघडतील आणि दहा मिनिटांत कंटाळून मिटतील.

यात दोष कोशाचा नाही. कोशातले शब्द पहिल्या अक्षराने लावलेले असतात. ते सारखे असेल तर दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. ज्याला शब्द ठाऊक आहे आणि अर्थ हवा आहे, त्याच्यासाठी ही मांडणी उत्तम. आपला प्रश्न उलटा आहे. शब्द ठाऊक नाही, त्याच्या पोटात काय आहे एवढेच ठाऊक आहे. अक्षरे कोणत्या क्रमाने बसली आहेत याची आपल्याला पर्वा नाही, आणि कोश तर क्रमावरच उभा! गावातल्या माणसांची यादी आडनावांप्रमाणे लावलेली असेल, तर चष्मा लावणारे कोण हे तिच्यावरून कसे कळावे? तसेच हे.

थोडी हुशारी करता येते. इंग्रजीतले पुष्कळ लांब शब्द तुकडे जोडून झालेले असतात. ए-टी-आय-ओ-एन हे शेपूट घ्या. त्यात ए, आय, ओ हे तीन स्वर आयतेच मिळतात. उरतात ई आणि यू. मग 'एज्युकेशन' आठवतो, 'इक्वेशन' म्हणजे समीकरण आठवतो, 'रेग्युलेशन' आठवतो. 'कम्युनिकेशन'मध्ये ई नाही. पण त्याच्या आधी 'टेली' लावला की सतरा अक्षरांचा 'टेलिकम्युनिकेशन' तयार होतो. मात्र ही युक्ती शेपटीवर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियातल्या प्रचंड वृक्षांचे नाव 'सेक्वोया' : एस-ई-क्यू-यू-ओ-आय-ए. अवघ्या सात अक्षरांत पाच स्वर! पण त्याला ते शेपूट नाही, तेव्हा तो आपल्या जाळ्यातून निसटतो. एकही शब्द निसटू नये असे वाटत असेल, तर मांडणीच बदलली पाहिजे.

संगणक घरोघरी येण्यापूर्वी ग्रंथालयांत आणि प्रयोगशाळांत कडेला भोके असलेली कार्डे वापरत. ती तुम्हांला घरी करता येतील. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घेऊन पोस्टकार्डाएवढे, म्हणजे १४ सेंटिमीटर लांबीचे, तुकडे कापा. वरच्या कडेजवळ एकेका सेंटिमीटरवर एक अशी १३ भोके पाडा. ती ए ते एम यांची. खालच्या कडेजवळ १३. ती एन ते झेड यांची. सगळ्या कार्डांची भोके एकमेकांवर तंतोतंत आली पाहिजेत, नाहीतर सारा खटाटोप फुकट. कार्ड उलटे लागू नये म्हणून प्रत्येकाचा उजवीकडचा वरचा कोपरा कापून टाका. आता प्रत्येक कार्डावर एक शब्द लिहा आणि त्यात जी अक्षरे आहेत, त्यांच्या भोकापासून कडेपर्यंतचा कागद कात्रीने कापून खाच करा.

गठ्ठा नीट रचून ईच्या भोकातून विणकामाची सुई घाला, गठ्ठा उचला आणि हलकेच हलवा. ज्या शब्दांत ई आहे त्यांच्या कार्डाला खाच आहे, म्हणून ती खाली पडतात. बाकीची सुईवर लटकून राहतात. पडलेली गोळा करा आणि त्यांच्यातून एची सुई घाला. मग आयची, ओची, यूची. पाचव्या वेळी जी पडतील, ती तुमची उत्तरे. त्यांतले सर्वांत लांब नाव निवडायचे, बस्स.

कोणती सुई आधी घालावी? शेवटी पडणारी कार्डे तीच राहतात, पण कष्टांत फरक पडतो. समजा ई, टी आणि झेड असलेला शब्द हवा आहे. ई हे इंग्रजीत सर्वांत जास्त येणारे अक्षर. (आपल्याकडची तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पण मोर्सच्या लिपीत ईला नुसता एक ठिपका का, याचे कारण हेच.) ईची सुई आधी घातली तर बरीच कार्डे पडणार आणि ती पुन्हा रचत बसावे लागणार. झेडपासून सुरुवात केली तर मूठभरच हाती येतील. दुर्मीळ अक्षर आधी, हा नियम कोश चाळतानाही उपयोगी पडतो.

या कार्डांत एक उणीव आहे. अक्षर आहे की नाही एवढेच त्यांना कळते, किती वेळा आहे ते कळत नाही. 'बुककीपर' या शब्दात दोन ओ, दोन के आणि तीन ई आहेत. कार्डावर मात्र प्रत्येकाची एकच खाच. इथे आपल्या मदतीला मूळ संख्या येतात. एला २ द्या, बीला ३, सीला ५, डीला ७, ईला ११, असे करत झेडला सव्विसावी मूळ संख्या १०१ मिळते. शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार म्हणजे त्या शब्दाचा क्रमांक. टीला ७१ मिळतात, म्हणून 'टी' म्हणजे चहा, टी-ई-ए : ७१ × ११ × २ = १५६२. 'ईट' म्हणजे खाणे. अक्षरे तीच, क्रमांकही तोच. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, आणि आपल्याला नेमके हेच हवे होते.

'सीट' म्हणजे एस-ई-ए-टी. एसचे ६७, म्हणून क्रमांक १,०४,६५४. याला १५६२ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७ येतो. म्हणजे 'सीट'च्या पोटात 'टी' आहे आणि वर एक एस उरतो. 'कॅट' आहे का? एककस्थानी ४ आहे, ५ ने भाग जात नाही. सी नाही, विषय संपला. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, म्हणून येथे फसगत होत नाही. अक्षर दोनदा आले तर अवयवही दोनदा येतो. आता ७८५४ हा क्रमांक कोणत्या शब्दाचा, ते तुम्ही काढा. तो बहुधा तुमच्या गणवेशावर असेल.

ही रीत देखणी आहे, पण लांब शब्दांना महाग पडते. आठ अक्षरांच्या 'इक्वेशन'चाच क्रमांक ३,१२,७१,५९,६२,९२२ होतो! संगणकाला सुईकार्डाची रीतच सोयीची : २६ जागा, प्रत्येक जागी १ किंवा ०.

एकही अक्षर दोनदा न येणारे लांब शब्द इंग्रजीत थोडे. त्यांतला एक पंधरा अक्षरांचा आहे, 'डर्मॅटोग्लिफिक्स'. अर्थ : बोटांच्या व तळव्यांच्या त्वचेवरील रेषांचा अभ्यास. योगायोग असा की त्या रेषांची कार्डे शोधतानाही हाच प्रश्न उभा राहिला होता. १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. पकडलेला माणूस खोटे नाव सांगतो. मग नावाने लावलेल्या कार्डांचा काय उपयोग? बंगाल पोलिसांतील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी यावर जी रीत बसवली, ती वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. आपण शंख-चक्रे मोजतो ना, तसेच त्यांनी प्रत्येक बोटाला विचारले : चक्र आहे की नाही? दहा बोटांची दहा उत्तरे, म्हणून दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४ कप्पे. नवा ठसा आला की त्याचा कप्पा ठरे आणि तेवढीच कार्डे चाळावी लागत.